नदीकाठची जुनी शहरं का ओसरली, हे बडोद्यात बसून कसं तपासावं

सिंधू संस्कृतीचा ऱ्हास का झाला, या प्रश्नाला पूर, दुष्काळ, आक्रमण, नदीचा बदललेला प्रवाह अशी चार-पाच उत्तरं आपल्याला तोंडपाठ असतात. ती सगळीच चुकीची आहेत असं नाही. पण ती एकमेकांशेजारी ठेवून तपासायची कशी, हे सहसा कोणी सांगत नाही. पुढची पद्धत त्यासाठी आहे. चार ते आठ जणांचा गट आणि दर रविवारी दोन तास असं धरलं, तर सहा आठवडे पुरतात. त्यातला एक पूर्ण दिवस लोथल या सिंधू संस्कृतीच्या गुजरातमधल्या जागेसाठी राखून ठेवा.

बडोद्याच्या माणसाला हे काम सोपं आहे. विश्वामित्रीचा गाळ दाराशी आहे. कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने नागेश्वर, नागवाडा, बगसरा, शिकारपूर अशा गुजरातमधल्या कितीतरी हडप्पाकालीन, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या, जागा खणल्या आहेत. लोथल तर सकाळी निघून रात्री परत येण्याच्या अंतरावर आहे.

आधी एक शब्द बदला. ‘संस्कृती नष्ट झाली’ असं वहीत लिहू नका. त्याऐवजी तीन प्रश्न लिहा: काय थांबलं? कुठे थांबलं? कधी थांबलं? नष्ट होणं हा निकाल झाला, आणि निकाल शेवटी द्यायचा असतो.

काळाची पट्टी

ड्रॉइंग पेपरचा रोल घ्या आणि दीड मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद अशा चार पट्ट्या कापा. सिंधू, मेसोपोटेमिया, नाईल आणि चीनमधलं यांगत्सेचं खोरं, अशी एकेका पट्टीला नावं द्या. प्रमाण १ सेंमीला १० वर्षं. डाव्या टोकाला इ.स.पू. २७००, उजव्या टोकाला इ.स.पू. १३००. एकूण १४० सेंमी होतात. उरलेला कागद नावांसाठी ठेवा.

आता खुणा करा. सिंधूच्या पट्टीवर नागरी काळ इ.स.पू. २६०० ते १९००, म्हणजे १० सेंमीपासून ८० सेंमीपर्यंत. त्यापुढे टोकापर्यंत उत्तर-हडप्पा काळ, म्हणजे शहरं ओसरल्यानंतरचा. मेसोपोटेमियात अक्कडचं राज्य कोसळलं ते इ.स.पू. २१५४ च्या सुमारास, आणि उरच्या तिसऱ्या घराण्याचा शेवट इ.स.पू. २००४ च्या सुमारास. नाईलच्या पट्टीवर इजिप्तच्या ‘जुन्या राज्या’चा शेवट इ.स.पू. २१८१ च्या आसपास येतो, आणि राजा मेंटुहोटेप दुसरा याने देश पुन्हा एक केला तो इ.स.पू. २०५५ च्या आसपास. चीनमधलं लियांगझू इ.स.पू. २३०० च्या सुमारास ओस पडलं.

मग चारही पट्ट्या एकाखाली एक ठेवून इ.स.पू. २२५० वर एक लाल उभी रेघ मारा. मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या चुन्याच्या खांबात मान्सून कमजोर झाल्याची खूण साधारण तेव्हाची सापडली. तीच खूण प्रमाण मानून २०१८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तिथपासून आजपर्यंतच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिलं.

या रेघेपासून सिंधूच्या शहरांच्या शेवटापर्यंत मोजा. ३५ सेंमी येतात, म्हणजे ३५० वर्षं. हा आकडा तोंडाने म्हणून अंगात उतरत नाही, म्हणून ३० सेंमीचा वेगळा तुकडा कापून त्या मोकळ्या जागेत ठेवा. पिलाजीराव गायकवाडांनी १७२१ च्या सुमारास गुजरातेत पाय रोवले, तिथपासून आजपर्यंतचा काळ या तुकड्याएवढा. दमाजीराव, खंडेराव, सयाजीराव, रेल्वे, आजवा तलाव, विलीनीकरण, रिफायनरी हे सगळं त्या तुकड्यात मावतं आणि तरी ५ सेंमी उरतात. ‘दुष्काळ पडला आणि शहरं संपली’ या वाक्यातल्या ‘आणि’ या शब्दात एवढा काळ दडलेला आहे. लियांगझू तर रेघेच्या आधीच संपलंय. चारही ठिकाणचा ऱ्हास एकाच कारणाने एकदम झाला असं सांगणारा मजकूर वाचलात, की ही पट्टी समोर धरा.

पट्टी भरताना बहुतेकांची एक चूक होते. जुन्या पुस्तकांतली रेडिओकार्बनची, म्हणजे कोळशा-दाण्यांत उरलेल्या कार्बन-१४ वरून काढलेली, वर्षं दुरुस्त न केलेली असतात. प्रयोगशाळा ‘३७०० वर्षांपूर्वी’ असं सांगते तेव्हा ते १९५० या सालापासून मागे मोजलेलं असतं. सरळ वजाबाकी केली की इ.स.पू. १७५० येतं. पण हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सदासर्वकाळ सारखं नव्हतं. झाडांच्या वर्षवलयांवरून दुरुस्ती केली की तीच तारीख इ.स.पू. २१०० च्या आसपास जाते. पट्टीवर हा फरक ३५ सेंमीचा आहे, म्हणजे ज्या अंतरावर आपण वाद घालतोय तेवढाच. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या पुस्तकातून तारीख घेतली असेल तर तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवा आणि दुरुस्त तारीख मिळेपर्यंत शाईने लिहू नका.

आधी काय थांबलं

शहर एका दिवसात बंद पडत नाही. कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने बंद पडल्या, यावरून कारणाचा माग लागतो. खोदकामाचे अहवाल वाचताना या गोष्टी शोधा आणि कोणत्या थरात शेवटच्या दिसतात ते टिपून ठेवा: गटारांची साफसफाई, विटांचं १:२:४ हे प्रमाण, साधारण १३.६ ग्रॅमच्या एककावर बसलेली दगडी वजनं, प्राण्याचं चित्र आणि लिपी असलेल्या मुद्रा (ओल्या मातीत ठसा उमटवायच्या), दूरवरून येणारा कच्चा माल, आणि सगळ्यात शेवटी माणसांचा मुक्काम.

मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत रस्त्यावर पुढे आलेली घरं दिसतात, मोठ्या खोल्या भिंती घालून लहान केलेल्या दिसतात आणि वस्तीच्या आत कुंभारांच्या भट्ट्या लागलेल्या दिसतात. माणसं आहेत, कदाचित दाटीने आहेत, पण ‘इथे भट्टी लावू नका’ म्हणणारं कोणी उरलेलं नाही. कच्छमधल्या धोलावीऱ्यात तर हा क्रम फारच स्पष्ट आहे. तिथे खोदकाम करणाऱ्या आर. एस. बिश्त यांनी वस्तीचे सात टप्पे मांडले. पाचव्या टप्प्यात शहराची निगराणी ढिली पडते. मग वस्ती उठते. सहाव्या टप्प्यात लोक परत येतात, पण शहर लहान झालेलं असतं आणि मुद्रांवरून प्राणी गेलेला असतो, नुसती लिपी उरलेली असते. पुन्हा खंड पडतो, आणि सातव्या टप्प्यात लोक गोल झोपड्या बांधून राहतात. कच्छमधले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, पाहिले असतील त्यांना हा आकार लगेच ओळखू येईल.

आमच्या मते ‘आधी काय थांबलं’ हा प्रश्न ‘का थांबलं’ याहून जास्त कामाचा आहे. पुराने सगळं एकदम थांबतं. व्यापार तुटला तर आधी मुद्रा आणि वजनं जातात, चुली पेटत्या राहतात. पाऊस कमी झाला तर आधी धान्य बदलतं.

गाळ ओळखणं: काचेच्या बरणीची परीक्षा

१९६० च्या दशकात रॉबर्ट राईक्स यांनी मांडलं की सिंधमधल्या सेहवानजवळ जमीन उचलली जाऊन सिंधू तुंबली, आणि मोहेंजोदडो पाण्याखाली, गाळाखाली गेलं. पुरावा म्हणून शहरात उंचावर सापडलेल्या गाळाच्या थरांकडे बोट दाखवलं गेलं. एच. टी. लँब्रिक यांनी उलट सांगितलं की हा पाण्याने आणलेला गाळ नव्हे, वाऱ्याने आलेली धूळ आणि विरघळलेल्या कच्च्या विटांची माती आहे. दोघांत कोणाचं खरं, हे ठरवण्याचा पाया घरच्या बरणीत समजतो.

लोणच्याच्या एक-एक लिटरच्या सारख्या बरण्या असतील तर उत्तम. तीन घ्या. पहिलीत विश्वामित्रीच्या पुराचा गाळ, दुसरीत जुन्या मातीच्या भिंतीचा चुरा, तिसरीत गच्चीवरची वाऱ्याने साठलेली धूळ. प्रत्येकीत तिसरा हिस्सा माती घाला, गळ्यापर्यंत पाणी भरा, अर्धा चमचा कपडे धुण्याची पावडर टाका म्हणजे गुठळ्या सुटतात. झाकण लावून पाच मिनिटं नेटाने हलवा आणि हलणार नाही अशा जागी ठेवा. वाळू एका मिनिटात खाली बसते. पोयटा बसायला साधारण दोन तास लागतात. चिकणमातीला एक ते दोन दिवस. प्रत्येक वेळी बरणीवर मार्करने रेघ मारा.

गाळ आणायला नदीच्या काठावर उतरू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि कोरड्या दिवसांतही त्या काठावर येतात. पूर येऊन गेलेल्या बागेतली किंवा सोसायटीच्या आवारातली माती चालते.

पुराच्या गाळात कण साधारण एका जातीचे असतात, खापरं किंवा कोळसा क्वचित सापडतो, आणि वाळत ठेवून चाकूने उभा काप घेतला तर पातळ पापुद्र्यांसारखे थर दिसतात. भिंतीच्या चुऱ्यात सगळं मिसळलेलं असतं: भुश्याचे ठसे, खापराचे तुकडे, राख, वाळू. थर नसतात. उभा काप घेताना माती पूर्ण वाळली तर ती भुगा होते आणि ओली असली तर चाकूबरोबर ओढली जाऊन थर पुसले जातात. बोटाने दाबल्यावर ठसा उमटतो पण माती चिकटत नाही, ती वेळ बरोबर.

यात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना विचारा, गाळ किती जाडीचा बसला होता. लोक पाण्याची उंची फुटांत सांगतात आणि गाळाची बोटांत. एका पुराचा गाळ असा असतो. जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर दिसणारे थर एका पुराचे म्हणून खपवता येत नाहीत. ते एक तर पुष्कळ पुरांचे असतात किंवा गाळ नसतातच. नदी तुंबल्याची कल्पना पुढे बहुतेक अभ्यासकांनी सोडली. वारंवार येणारे पूर मात्र खरेच होते, आणि मोहेंजोदडोतल्या लोकांनी उंच चौथरे घालून त्यांच्याशी टक्कर दिलेली दिसते. तिथे भूजल इतकं वर आलेलं आहे की खणणाऱ्यांना वस्तीच्या तळापर्यंत आजवर जाता आलेलं नाही.

खारी जमीन: घट बसवतो तसा प्रयोग

मेसोपोटेमियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे कालव्यांनी शेत भिजवत राहिल्यामुळे भूजल वर आलं आणि त्याबरोबर क्षार वर आले. सांगली-कोल्हापूरकडे नातेवाईक असतील तर ‘क्षारपड’ हा शब्द त्यांच्या तोंडी असेल, तेच हे. थॉरकिल्ड याकोबसेन आणि रॉबर्ट ॲडम्स यांनी १९५८ मध्ये दक्षिण इराकच्या मातीच्या पाट्यांवरचे हिशेब वाचून दाखवलं की इ.स.पू. २४०० च्या सुमारास हेक्टरी सुमारे २५३७ लिटर धान्य होत होतं, इ.स.पू. २१०० ला ते १४६० वर आणि इ.स.पू. १७०० ला ८९७ वर आलं. त्याच काळात गहू कमी कमी होत गेला आणि खारट जमीन सोसणारा जव उरला.

हे डोळ्यांनी पाहण्यासाठी सात कुंडे घ्या, साधारण १५ सेंमी व्यासाचे, तळाला भोक नसलेले. प्रत्येकात १ किलो बागेची माती. तीन कुंड्यांत गहू, तीनांत जव, सातव्यात पुन्हा गहू, पण या सातव्याला तळाशी भोक पाडा. प्रत्येकात २० दाणे, दीड सेंमी खोल. गव्हाचे तीन आणि जवाचे तीन कुंडे साध्या, ३ ग्रॅम मीठ आणि ६ ग्रॅम मीठ प्रति लिटर अशा पाण्यांसाठी वाटून घ्या. सातव्याला ६ ग्रॅमचं पाणी. दर दिवसाआड १०० मिलिलिटर द्या. सातव्याला आठवड्यातून एकदा ३०० मिलिलिटर साधं पाणी जास्तीचं द्या, आणि खालून निथळून आलेलं पाणी फेकून द्या.

तीन गोष्टी चुकतात. पहिली: खारं पाणी पहिल्या दिवसापासून दिलं तर जवही रुजत नाही, कारण उगवताना तोही नाजूकच असतो. कोंब वर येईपर्यंत, साधारण पाच दिवस, सगळ्यांना साधंच पाणी. दुसरी: वाण्याकडे सोललेला, पॉलिश केलेला जव मिळतो, तो उगवत नाही. बडोद्यात जवारासाठी सालीसकट जव पूजेच्या दुकानात मिळतो, तो घ्या. तिसरी: कुंडे गच्चीवर उघडे ठेवले आणि एक सर आली की प्रयोग धुऊन गेला. पावसाळ्यात हा करू नका.

पंधरा दिवसांनी ६ ग्रॅमच्या कुंड्यात मातीवर पांढरी साय धरते. जुन्या भिंतीला लोणा लागतो तशीच. तिथलं गव्हाचं पान टोकापासून करपतं, जव बराच टिकून असतो. सातव्या कुंड्यातला गहू मात्र तेच पाणी पिऊन बरा असतो, कारण त्याच्यातलं मीठ खालून निघून जातंय. हा सातवा कुंडा या सगळ्या प्रयोगाचा जीव आहे. पाणी देणं हा गुन्हा नव्हता, निचरा नसणं ही अडचण होती. मेसोपोटेमियातले शेतकरी एक वर्षाआड जमीन पडीक ठेवत. त्यावर खोल मुळांचं रान माजे, ते रान भूजल शोषून खाली नेई. राज्याला जास्त धान्य हवं झालं आणि पडीक वर्ष वगळलं गेलं, की मीठ वर.

आकडे वापरताना जपा. ते निरनिराळ्या देवळांच्या, निरनिराळ्या शेतांच्या हिशेबातले आहेत आणि मापंही सगळीकडे एक नव्हती. १९८५ मध्ये मार्विन पॉवेल यांनी या मांडणीवर सडकून टीका केली. म्हणून दिशा घ्या, दशांश घेऊ नका.

पाऊस आणि नदी

दुष्काळाचं वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: दुष्काळाचं साल आणि कोरडा काळ. बडोदेकरांना छप्पनियाचा दुष्काळ ऐकून माहीत असतो, संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा. बडोदा संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत २४ लाखांवर होती, १९०१ ला साडेएकोणीस लाख उरली. इतकी माणसं गेली, पण गावं जागच्या जागी राहिली. चार हजार वर्षांनी कोणी इथे खणलं तर त्या वर्षाची खूण थरांत जवळजवळ सापडणार नाही. तेव्हा नुसत्या दुष्काळाने शहर ओस पडत नाही, आणि शहर ओस पडलं नाही म्हणजे माणसं सुखात होती असंही होत नाही. ही दुसरी बाजू फार कमी लिहिली जाते.

कोरड्या काळाचा पुरावा सालाचा नसतो, पिढ्यांचा असतो. हरियाणातल्या कोटला डहर या सुकलेल्या तळ्यातल्या गोगलगायींच्या शिंपल्यांत ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण सुमारे ४१०० वर्षांपूर्वी बदललं. म्हणजे तळ्यातलं पाणी जास्त आटू लागलं होतं. कच्छमधल्या खिरसऱ्यात त्याच सुमारास गहू-जवाकडून कमी पाण्यावर येणाऱ्या बारीक धान्यांकडे लोक वळलेले दिसतात. शिंपला आणि दाणा, दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट सांगत असले की तिथे वजन येतं.

घग्गर-हाकरा या हरियाणा-राजस्थानातून पाकिस्तानात जाणाऱ्या, आता बहुतेक कोरड्या नदीबद्दल मात्र घाईने लिहिलेलं पुष्कळ वाचायला मिळतं. ही मोठी हिमनदीची नदी होती, ती अचानक आटली आणि शहरं संपली, असं सांगितलं जातं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाळाच्या अभ्यासानुसार सतलजने हा मार्ग सुमारे ८००० वर्षांपूर्वीच सोडला होता. शहरं वसली ती जुन्या मोठ्या नदीच्या सोडलेल्या खोलगट पात्राकाठी, जिथे पावसाळी पाणी येई आणि पुराचा धोका कमी असे. पाऊस मंदावला तसं तेही पाणी कमी झालं. याच नदीकाठच्या, पाकिस्तानातल्या चोलिस्तान वाळवंटाच्या पाहणीत एम. आर. मुघल यांनी नागरी काळाच्या १७४ जागा मोजल्या, उत्तर-हडप्पा काळाच्या ५०. त्याच वेळी पूर्वेकडे हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात लहान वस्त्या वाढल्या. हे दोन आकडे नेहमी जोडीने सांगा, एकटा सांगू नका.

नाईलसाठी कमाटीबागेत जा. ममीसमोर उभं राहून पट्टी काढा. जुनं राज्य कोसळलं, प्रांतांचे सुभेदार स्वतःच्या थडग्यांवर उपासमारीचं वर्णन कोरू लागले, आणि सव्वाशे वर्षांत देश पुन्हा एक झाला. शव जतन करण्याची रीत त्यानंतर दोन हजार वर्षं चालली. इथे राज्य थांबलं, संस्कृती थांबली नाही. सिंधूत लिपी, वजनं, मुद्रा गेल्या त्या गेल्याच. हा फरक कशामुळे, हा प्रश्न गटात पाऊण तास बोलायला पुरतो.

आक्रमणाला फार वेळ देऊ नका. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४० च्या दशकात मोहेंजोदडोतल्या सांगाड्यांवरून इंद्रावर, म्हणजे वेदांतल्या आर्यांवर, कत्तलीचा आरोप ठेवला. सांगाडे चाळिसाच्या आसपास, निरनिराळ्या थरांतले, आणि जीवघेण्या घावाची खूण फारच थोड्यांवर. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी ती कत्तल काल्पनिक असल्याचं दाखवून दिलं.

लोथलचा दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम बरा. वासद, तारापूर, बगोदरा या बाजूने गेलात तर जायला तीनेक तास धरा. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून तो वार टाळा. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, २० मीटरची टेप, होकायंत्र, पट्टीची प्रत. जमिनीवरचं खापर उचलून घरी आणू नका. संरक्षित स्मारकातून वस्तू नेणं कायद्याने गुन्हा आहे, आणि जागेवरून हललेलं खापर काहीच सांगत नाही. बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

सुरुवात वखारीपासून करा, गोदीपासून नको. एस. आर. राव यांनी १९५५ पासून इथे खोदकाम केलं. उंच चौथऱ्यावर कच्च्या विटांचे ६४ ठोकळे होते, त्यांपैकी १२ उरलेत. वखारीला आग लागली, आणि आगीत मालाच्या गाठोड्यांवरचे मातीचे शिक्के भाजून पक्के झाले, म्हणून आपल्याला मिळाले. असे पासष्टच्या आसपास सापडले. संग्रहालयात शिक्का पाहाल तेव्हा त्याची मागची बाजू बघायला विसरू नका. पुढे मुद्रेचा ठसा, मागे दोरीची पीळ आणि विणलेल्या कापडाचा ताणा-बाणा. कोणीतरी गाठ मारली, ओली माती दाबली, मुद्रा उमटवली आणि माल पाठवला, हे सगळं त्या नखाएवढ्या तुकड्यात आहे. आग कशीही लागली असो, विचारायचा प्रश्न असा की ती वखार पुन्हा का बांधली नाही. आगीआधी आणि पुरांनंतरही लोथलकरांनी दुरुस्त्या केल्या होत्या. या वेळी केली नाही. पाठवायला माल आणि घ्यायला गिऱ्हाईक नसेल तर वखार कोण बांधेल? लोथलला पर्शियन आखाताच्या धाटणीची मुद्रा मिळालेली आहे. म्हणजे मेसोपोटेमियाची पट्टी काढून तिकडे उरमध्ये काय चाललं होतं ते याच क्षणी बघायचं.

मग गोदी. सुमारे २१५ मीटर लांब, ३६-३७ मीटर रुंद, पक्क्या विटांची. पावलांनी मोजा, साधारण २८५ पावलं होतात. दक्षिणेकडच्या भिंतीत जास्तीचं पाणी सोडायची वाट आहे, तिथे लाकडी फळी बसवायच्या खाचा शोधा. राव यांच्या मते मोठ्या पुरानंतर नदी दूर सरकली, आणि लोकांनी पूर्वेकडून नवा अरुंद कालवा काढून पाणी आत घेतलं. त्या तोंडाशी उभे राहा. संकट आल्यावर केलेला तो प्रयत्न आहे, आणि तो काही काळ चालला. १९६८ मध्ये लॉरेन्स लेश्निक यांनी हे शेतीचं तळं असल्याचं मांडलं होतं. २०२४ मध्ये आयआयटी गांधीनगरच्या उपग्रहचित्रांच्या अभ्यासात साबरमतीचं जुनं पात्र लोथलजवळून गेल्याचं दिसलं, त्यामुळे गोदीची बाजू बळकट झाली आहे. आम्ही गोदीच्या बाजूने आहोत, पण गटातल्या एकाने तळ्याची बाजू मन लावून मांडावी. वाद झाल्याशिवाय खाचा नीट पाहिल्या जात नाहीत.

शेवटी वरच्या थरांतल्या घरांच्या खुणा बघा. शेवटच्या पुरानंतरही लोक राहिले, साध्या घरांत, मोठं सार्वजनिक बांधकाम न करता.

कार्डं भरणं

परत आल्यावर पोस्टकार्डाएवढी कार्डं कापा, एका जागेला एक. प्रत्येकावर पाच ओळी: जागा, काय थांबलं, कोणत्या शतकात, त्याच जागेतला प्रत्यक्ष पुरावा, आणि काय चालू राहिलं. चौथ्या ओळीत दुसऱ्या जागेचा पुरावा लिहायचा नाही. मावम्लुहची गुहा धोलावीऱ्याच्या कार्डावर येत नाही, ती पट्टीवरच राहते. हा नियम पाळला की अर्धी कार्डं चौथ्या ओळीवर अडतात. ती तशीच रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका.

रोजडीचं कार्ड शेवटी घ्या. सौराष्ट्रात भादर नदीकाठचं हे लहान गाव, साधारण सात हेक्टरचं. ग्रेगरी पोसेल आणि गुजरातच्या पुरातत्त्व खात्याने १९८० च्या दशकात तिथे खोदकाम केलं. लोक पावसावर येणारी बारीक धान्यं पिकवत. मोहेंजोदडो ओस पडत होतं त्या शतकांत, इ.स.पू. १९०० च्या आगेमागे, रोजडी वाढत होतं. तिथे नवी बांधकामं उभी राहत होती. पुढे गुजरातमधल्याच रंगपूरच्या थरांत चकचकीत लाल भांड्यांचा काळ येतो, तीही इथलीच वाढ. ‘काय थांबलं’ या ओळीवर रोजडीसाठी त्या शतकात लिहायला काही मिळत नाही. ‘काय चालू राहिलं’ या ओळीला मात्र कार्डाची मागची बाजू लागते.